बेसिनमधला गुलाबी पुरावा

रविवारच्या पेपरची पुरवणी मी फक्त राशिभविष्यापुरती उघडते. त्या रविवारी मधलं पान उघडलं, तिथेच सगळं चुकलं.

पानावर एक लालभडक हृदय, आणि त्याला खेटून दातांची कवळी. (लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या कार्डावर शोभून दिसलं असतं.) खाली लिहिलं होतं, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दुर्लक्ष करू नका, अशा लोकांमध्ये हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार जास्त दिसतात.

मी पेपर घेऊन तडक बेसिनपाशी गेले. आमचं बेसिन पांढरंशुभ्र. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात बावीस वर्षं काढल्यावर नोएडात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा ते मी हट्टाने बसवून घेतलं होतं. आणि त्या माझ्या लाडक्या बेसिनवर रोज गुलाबी शिंतोडे! मी साडेपाचला उठते, दात घासते, चहा पिते, मग चष्मा शोधते. सातला चष्मा लावून बेसिन पुसायला गेले की ते दिसायचे.

"अहो, तुमच्या हिरड्यांतून रक्त येतंय!"

"माझ्या? मी अजून दातच घासले नाहीयेत."

(आजार लपवायला पुरुष काय वाट्टेल ते बोलतात.)

एरवी मी सोडून दिलं असतं. पण ह्यांना त्रेपन्नावं लागलं होतं, आणि माझे सासरे, भाऊसाहेब, त्रेपन्नाव्या वर्षीच हार्टने गेले होते. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. आमच्या घरात ह्या विषयावर कोणी बोलत नाही. हे तर साधं बीपीसुद्धा बघू देत नाहीत. "तपासलं की निघतं," हे ह्यांचं वैद्यकशास्त्र. म्हटलं, चला, हिरड्यांच्या गल्लीतून शिरलो तर कधीतरी हृदयाच्या मेन रोडला लागू.

"डेंटिस्टकडे चला."

"तू आधी जा. तू जिवंत परत आलीस तर मी जातो."

"प्रॉमिस?"

"बिल्कुल."

मला काय, माझे दात मोत्यासारखे. शनिवारी दुपारी मी मार्केटमधल्या डॉक्टर मीनाक्षीच्या क्लिनिकमध्ये तोंड उघडून बसले. ती एका बारीक सळईने हिरड्या टोचून बघत होती आणि असिस्टंटला आकडे सांगत होती. "चार... पाँच... पाँच... छह."

मी मनातून सुखावले. सहा! पहिल्याच परीक्षेत!

"आंटी, ये मार्क्स नहीं हैं," माझा चेहरा बघून ती म्हणाली. "मिलीमीटर हैं. दाँत और मसूड़े के बीच की खाली जगह. तीन तक ठीक होता है. ब्रश करते वक़्त खून आता है?"

"मुझे? नहीं जी. मेरे हज़्बंड को आता है."

तिने हातातल्या लाल कापसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नवा कापूस घेतला.

"इससे हार्ट अटैक आता है क्या?" मी विचारलं.

"ऐसा सीधा कोई नहीं कह सकता. दोनों अक्सर साथ दिखते हैं. मसूड़ों की सूजन उतरे तो अच्छा ही है. पर दाँत साफ़ करवाने से किसी की बीपी की गोली नहीं छूटती."

आतपर्यंत सफाई करावी लागणार होती, इंजेक्शन देऊन. आज उजवी बाजू, पुढच्या आठवड्यात डावी. माझं चार वाजता घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पण म्हटलं, अर्धं तोंड तर आहे!

पावणेचारला मी काळी साडी नेसून तयार. उजवा गाल कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता. ह्यांना हळदीकुंकवाच्या नियमाप्रमाणे घराबाहेर काढलं होतं. अकराव्या मजल्यावरच्या मित्राकडे, हरीशकडे, मॅच बघत होते.

पहिली आली प्रज्ञा. समोरच्या फ्लॅटमधली, पुण्याची, आयटीतली. कंपनीत नुकतंच फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालेलं. मी हसून स्वागत केलं. म्हणजे डाव्या बाजूने केलं. उजवीने दखलच घेतली नाही.

प्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला. "काकू, परत हसा बरं."

हसले.

"दोन्ही हात वर करा!"

माझ्या एका हातात हळदीकुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात चाळीस तिळाच्या वड्यांचं ताट. मी करंड्याचा हात वर केला.

"अरे देवा! एक वाक्य बोला, काकू!"

मी जीव तोडून सांगितलं की दाढेला इंजेक्शन दिलंय. जे बाहेर पडलं ते घटनेतल्या कुठल्याही भाषेत बसणारं नव्हतं.

एवढ्यात शेजारच्या मिसेस सबरवाल आल्या. "हाय रब्बा! लकवा!"

मी करंडा ठेवला आणि गालाशी सुई टोचल्याची खूण केली.

"देखो, पूछ रही हैं इंजेक्शन लगेगा क्या! हाँ बहनजी, लगेगा, ज़रूर लगेगा!"

मी कागद-पेन मागितलं. ते मृत्युपत्रासाठी आहे असं समजून मिसेस सबरवाल रडायलाच लागल्या.

पाच मिनिटांत काळ्या साड्यांमधल्या सहा बायका मला लिफ्टने खाली नेत होत्या. (ताट माझ्याच हातात. कोणाला सुचलंच नाही घ्यायला.) प्रज्ञाने हरीशकडे फोन केला होता. लिफ्ट आमच्याकडे, म्हणून हे अकरा मजले जिन्याने धावत उतरले आणि गाडीत बसले तेव्हा पायात फक्त मोजे होते.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत डॉक्टरने विचारलं, "पेशंट कौन है?"

सहा बोटं माझ्याकडे. डॉक्टरने मला बघितलं, तिळाच्या वड्या बघितल्या, मग माझ्या मागे बघितलं. मागे हे उभे होते. घामाने निथळत, धाप लागलेली, हात छातीवर.

"इनको लिटाओ! जल्दी!"

ह्यांना कॉटवर घेतलं, शर्टाची बटणं काढली, छातीला वायरी लावल्या. तेव्हा मात्र मला अर्ध्या तोंडानेसुद्धा हसू आलं नाही. भिंतीवरच्या फोटोतले भाऊसाहेबच त्या उशीवर झोपल्यासारखे वाटले. खूप काही बोलायचं होतं, जीभ वळत नव्हती. ताट खाली ठेवलं आणि नुसता हात धरला. माझ्या हळदीच्या बोटांनी ह्यांचं मनगट पिवळं झालं.

ह्यांनी डोळे उघडले. "सुरेखा," धापा टाकत म्हणाले, "जिवंत परत यायचं ठरलं होतं ना आपलं?"

आणि नेमकी तेव्हाच माझी जीभ थोडी जागी झाली. "दा-ढे-ला... इं-जे-क्शन... दि-लं-य."

कुठेतरी एक नर्स फिसकन हसली.

ह्यांचा ईसीजी नॉर्मल निघाला. धाप होती ती जिन्याची आणि माझ्या काळजीची. बीपी मात्र तीनदा बघितलं, तिन्ही वेळा वर. दोन दिवसांनी बघितलं, तरी वरच. एक गोळी सुरू झाली, सकाळचं चालणं सुरू झालं. "तपासलं की निघतं" हे ह्यांचं म्हणणं खरं ठरलं, पण या वेळी वेळेवर निघालं. प्रज्ञा बिचारी माफी मागत होती. मी तिला वाणातल्या दोन गाळण्या जास्त दिल्या. तिने केलं ते बरोबरच केलं, खरा लकवा असता तर?

सोमवारी हे मुकाट्याने डॉक्टर मीनाक्षीच्या खुर्चीत बसले. मी शेजारी, विजयी मुद्रेने.

"दो... दो... तीन... दो. वाह अंकल, क्या मसूड़े हैं! खून तो बिल्कुल नहीं."

"ऐसे कैसे? मी रोज बेसिनमध्ये बघते!" मी ओरडलेच, दोन भाषांत.

डॉक्टरने परत माझ्याकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिलं. ह्यांचं पाहणं जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी दात घासत होते. हे आयुष्यात पहिल्यांदा त्या वेळेला उठले, माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि माझ्या नाकावर माझा चष्मा ठेवला.

मी चूळ भरली. खाली पाहिलं.

गुलाबी.

त्यानंतर माझी डावी बाजू झाली, दोरीने दातांच्या फटी साफ करायला शिकले. आता दोन महिने झाले, बेसिन पुन्हा दुधासारखं पांढरं आहे. आणि हे रोज सातला, दात घासायच्या आधी, बेसिनवर वाकून बघतात आणि मला स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात,

"वा! माझ्या हिरड्या अगदी सुधारल्या हं, सुरेखा!"