गडगा एक चौकोन सरकला

डोंगराच्या कड्यावर ड्रॅगन उतरला होता, त्याच्या नाकातून धूर निघत होता, आणि महापराक्रमी योद्धा अग्निकेतू त्याच्याकडे पाठ फिरवून फणस पिकलाय का ते बघायला चालला होता.

"अज्या, अरे ड्रॅगन!" वेद माइकमध्ये ओरडला.

"असू दे रे. तो कुठे पळतोय?" डोंबिवलीहून अजिंक्यचा आवाज आला. "हा आपला विहिरीजवळचा कापाच ना? जवळ गेलं की वास येतो काय?"

"नकाशाला वास नसतो."

"मला येतोय," डब्लिनहून नीरजा म्हणाली. तिचा आवाज नाक चोंदल्यासारखा आला. तिकडे सर्दीचे दिवस असतील, अशी वेदने स्वतःची समजूत घातली.

वेदचं घर मालगुंड आणि जयगड यांच्या मधल्या एका वाडीत. त्याचा धंदा असा, की वाडीत कुणाला तो धड सांगता येत नसे. जगभरची मोठी झालेली मुलं संगणकावर एक खेळ खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, फासे टाकतात, लढतात, मरतात आणि पुढच्या आठवड्यात नवं नाव घेऊन परत येतात. त्या खेळाला पट म्हणून नकाशे लागतात. डोंगर, नद्या, जंगलं, पडके किल्ले, सगळं आकाशातून बघितल्यासारखं हुबेहूब. असे नकाशे वेद करून विकत असे. बर्फ त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण त्याच्या बर्फाळ खिंडी बघून नॉर्वेचं गिऱ्हाईक खूश होतं. वाडीत मात्र 'भास्कररावांचा मुलगा नकाशे विकतो' एवढंच पसरल्यामुळे दोघं-तिघं सातबारा घेऊन येऊन गेले होते.

रविवारची संध्याकाळ तो गिऱ्हाइकांना देत नसे. ती भावंडांची. अनिलकाकांची दोन मुलं, अजिंक्य डोंबिवलीत आणि अवनी बंगळुरूत. दीपालीआत्याची नीरजा डब्लिनला. लहानपणी वेदसकट ही चौघं मे महिनाभर एका पंगतीत जेवली, एका विहिरीत पोहायला शिकली आणि एकाच फणसावरून पडली. मग एकेक जण शिकायला गेला, नोकरीला गेला. काकांनी गणपतीसुद्धा डोंबिवलीला नेला, तेव्हापासून तेही येणं सुटलं. वेद तेवढा घरी राहिला. कुणीतरी राहायलाच हवं, असं सगळे त्याला कौतुकाने सांगत, आणि सांगून झालं की फोन ठेवत.

वेदला या सगळ्यांची फार आठवण यायची. एवढं मोठं आगर, एवढे आंबे, आणि विहिरीत उडी मारायला आपण एकटे. एकट्याने उडी मारली की विहीर नुसती 'डुब्' म्हणते आणि गप्प होते. पण 'तुमच्यावाचून करमत नाही' हे आपल्याच भावंडांना तोंडाने सांगायचं म्हणजे कोकणातल्या माणसाला ड्रॅगन परवडला. म्हणून त्याने डाव रचला. या खेपेचा नकाशा त्याने घराचाच केला. पाखाडीच्या पायऱ्या, वरचा कातळ, माडांच्या सावल्या, आगरातल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, चिऱ्यांवरचं शेवाळ. समुद्राची गाजसुद्धा किनाऱ्यावर फोन धरून आणली. हे बघून पोरांना राहवणार नाही आणि मे महिन्यात ती धावत येतील, असा त्याचा हिशेब होता. येणार असं सगळ्यांनी कबूलही केलं होतं, नीरजाने तर तिकीटही काढलं होतं. हेमाताईंनी, म्हणजे वेदच्या आईने, तेवढ्यावर विसंबून माळ्यावरच्या गाद्या काढून उन्हात घातल्या होत्या.

नकाशा भलताच साधला. ड्रॅगनला कोणी विचारीना. अजिंक्यचा अग्निकेतू फणसाखाली बसून राही. जादूगारीण मृगाक्षी, म्हणजे नीरजा, आपली सगळी विद्या गुंडाळून विहिरीच्या काठावर पाय सोडून बसे. अवनी खेळातली नामांकित चोर होती, ती आपल्याच आगरात कैऱ्या चोरत फिरे. आणि एका रविवारी नीरजा म्हणाली, "वेद, मी तिकीट रद्द करत्ये रे."

"का?"

"अरे, सुट्टी मिळता मिळत नाही. आणि आता तेवढं काही वाटतही नाही. दर रविवारी तर घरी येतो ना आपण!"

"खरंय," अजिंक्य म्हणाला. "परवा ऑफिसात इतकं डोकं फिरलं, जेवणाच्या सुट्टीत पाखाडीवरून एक चक्कर मारून आलो. बरं वाटलं."

"तुझे उपकार आहेत रे वेद," अवनी म्हणाली.

गळाला लावलेलं आमिष खाऊन माशाने वर आभार मानावेत, तसं झालं. वेदने खेळ लवकर आटपला. बाहेर आई गाद्या थोपटत होती. "कधी निघत्यायत?" तिने विचारलं. तो उगाच गादीची सुरकुती काढू लागला. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी गाद्या परत माळ्यावर गेल्या.

वेद रागावला. घरबसल्या सगळं बघायला मिळतंय म्हणून यांना यायला नको! त्याने नकाशा उघडला आणि दोन आगरांमधल्या गडग्याला भिंत करून टाकली. या खेळात भिंत केली की तिच्या पलीकडचं दिसत नाही, अंधार होतो. बसा आता अलीकडेच, म्हणाला. रागाच्या भरात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. या सॉफ्टवेअरला एक खोड होती. नकाशावर चौकोन आखलेले असतात, आणि कुठलीही भिंत सरळ जवळच्या चौकोनाच्या रेघेला जाऊन चिकटते. खरा गडगा म्हाताऱ्या माणसासारखा वाकडातिकडा चालायचा. तो एकदम ताठ झाला, आणि ताठ होता होता एक चौकोन काकांच्या आगरात शिरला.

आता ही दोन आगरं म्हणजे मुळात एकच. वाटणी झाली तेव्हा मधे गडगा घातला. अलीकडचं भास्कररावांचं, पलीकडचं अनिलकाकांचं. तो कापा फणस गडग्याला टेकून, पण पलीकडे. नकाशात तो आता अलीकडे आला.

त्या रविवारी अजिंक्यने हौसेने खेळ घरच्या टीव्हीवर लावला. वेद ड्रॅगनला शेवटच्या हल्ल्यासाठी सज्ज करत असताना मागून काकांचा आवाज ऐकू आला.

"हे काय रे?"

"आपलं आगर, बाबा. वेदने केलंय."

मग नुसती खुडबुड ऐकू आली. काका चष्मा शोधत असावेत.

"फणस कुठाय?"

"हा काय."

"हा गडग्याच्या कुठल्या अंगाला आहे?"

ड्रॅगन पंख पसरून ताटकळला. कोणी फासा टाकेना.

"वेद!" काका आता माइकजवळ आले होते. "गडगा कोणी सरकवलान?"

"काका, ते मी नाही, सॉफ्टवेअरने आपोआप..."

"सॉफ्टवेअर सरकारी आहे काय?"

"नाही."

"मग त्याला कोणी अधिकार दिलान?"

"आत्ता नीट करतो, काका. एका मिनिटाचं काम आहे."

"हात लावू नकोस! पुरावा आहे तो," काका गरजले, आणि पुढच्या क्षणी ओटीवर भास्कररावांचा फोन वाजला.

भास्कररावांनी आयुष्यात तो खेळ बघितला नव्हता. फोन कानाला तसाच धरून ते आत आले, पडद्यावर वाकले, फणस बघितला, गडगा बघितला. वेदला वाटलं, आता बाबा काकांना समजावतील. बाबा खाकरले आणि फोनमध्ये म्हणाले, "वेदने नकाशा बरोबर काढलान आहे."

"बाबा!" वेद कळवळला. "अहो, फणस काकांचाच आहे. तुम्हीच दरवर्षी पहिला फणस एसटीने डोंबिवलीला धाडता!"

"धाडतो तर. पण नकाशात आपल्याकडे आहे ना? मग झालं तर," भास्कररावांनी त्याला गप्प केलं आणि फोनमध्ये म्हणाले, "तुला खोटं वाटत असेल, तर ये आणि मोज."

"येतोच! टेप घेऊन येतो!" काका म्हणाले.

तासाभरात बातमी सांगलीला दीपालीआत्याकडे पोचली. आत्याचं म्हणणं तिसरंच. "तुमचा दोघांचा संबंधच काय? मी जन्मल्ये तेव्हा आईने लावलान तो फणस. तो माझा. मीही येत्ये." मग नीरजाचा फोन आला. "वेद, आई म्हणत्ये की तिच्या बाजूने एक साक्षीदार हवा. मी तिकीट काढलंय."

"डब्लिनहून? फणसासाठी?"

"फणसाचा प्रश्न नाही, हद्दीचा आहे," नीरजा गंभीरपणे म्हणाली. पण तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. अवनीलाही सुट्टी मिळाली. जी सुट्टी आंब्याला मिळत नव्हती, समुद्राला मिळत नव्हती, ती गडग्याला सगळ्यांना मिळाली. हेमाताईंनी एक अक्षर न बोलता माळ्याला शिडी लावली.

मे महिन्यात रत्नागिरी स्टेशनवरून दोन रिक्षा भरून माणसं आली. काका बेड्याच्या फाटकातून आत शिरले ते टेप हातात घेऊनच. हेमाताईंनी पुढे केलेलं पन्हं त्यांनी घेतलं नाही. "आधी मोजणी, मग पन्हं," म्हणाले. सगळी वरात आगरात गेली. पुढे काका, मागे आत्या, त्यांच्या मागे साक्षीदार. आणि फणसापाशी येऊन पाहुणे सगळेच थबकले.

गडगा नव्हताच. चिरे घरंगळून दोन्ही आगरांत पसरले होते, त्यांवर गवत माजलं होतं. मधे फणस तेवढा उभा होता, बुंध्याला खालपासून लगडलेला.

"गडगा कुठाय?" काकांनी विचारलं.

"गेल्या पावसात पडला," भास्करराव म्हणाले.

"सांगितलं नाहीस ते?"

"कोणाला सांगू? इकडे असतं कोण?"

अजिंक्यने वेदकडे बघितलं. "अरे, मग नकाशात तो उभा कसा?"

"मी आठवणीतला काढला," वेद म्हणाला. "आपण त्याच्यावर ओळीने बसायचो ना, तसा."

नीरजाने नाक ओढलं. आता तर सर्दीचे दिवसही नव्हते.

काकांनी टेप उलगडली खरी, पण मोजायचं कुठून? ते म्हणाले विहिरीपासून, भास्करराव म्हणाले पाखाडीपासून, आत्या म्हणाली फणसापासून दोन्हीकडे, म्हणजे सगळंच तिचं. दोघे भाऊ टेपेची दोन टोकं धरून एकमेकांवर ओरडत होते, तेव्हा हेमाताई कोयता आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या.

"तुमचं होऊ दे सावकाश," त्या म्हणाल्या. "हा वरचा पिकलाय. वेद, काढ."

त्या वासापुढे टेप आपोआप गुंडाळली गेली. चिऱ्यांवर बसून सगळ्यांनी गरे खाल्ले. काकांचे हात चिकाने बरबटले, तेव्हा भास्कररावांनी त्यांच्या तळहातावर तेल ओतलं आणि लहान मुलाचे चोळावेत तसे चोळले. "पूर्वीपासून असाच, तेल न लावता हात घालणार," ते पुटपुटले. काकांनी हात तसेच त्यांच्या हातात राहू दिले.

दुसऱ्या दिवसापासून गडगा रचायला सगळे लागले. ताठ मापाचा नव्हे, जमेल तसा. काका दोरी आपल्या अंगाला ओढत आणि म्हणत, "दादा, घे, तुझ्याकडे वीतभर जास्त जाऊ दे." भास्करराव ती परत ढकलत. आत्याला दोघांनी मिळून पहिल्या फणसाचा मान देऊन टाकला. चौघं भावंडं विहिरीत उड्या मारून आली. विहीर 'डुब्' म्हणाली नाही, चांगली खदाखदा हसली. घरात ओल्या टॉवेलांना दोरी पुरेना. वेदला रोज सकाळी डोळे उघडले की आधी सगळे गेले की काय अशी भीती वाटे, आणि माजघरातून काकांचं घोरणं ऐकू आलं की तो पुन्हा झोपून जाई.

आणि मग सगळे गेले. जाताना काकांनी भास्कररावांना मिठी मारली. "मिटलं हो दादा. आता काही वाद राहिला नाही. मनावरचं ओझं उतरलं," म्हणाले. रिक्षा वळणाआड गेल्यावर हेमाताई म्हणाल्या, "सगळंच मिटवलंत काय?" आणि गाद्यांकडे वळल्या.

वेदने आत जाऊन नकाशा उघडला. ती भिंत पुसून गडगा नव्याने काढला, आता आहे तसा, वाकडातिकडा. चौकोनांना चिकटू न देता हाताने एकेक चिरा बसवला. काम झालं आणि तो खट्टू झाला. नकाशात आता एकही चूक नव्हती. डोंबिवलीत बसून काका निवांत बघतील. बंगळुरूत बघतील, डब्लिनमध्ये बघतील. कोणाला कशाला यावं लागेल?

मागे पावलं वाजली. भास्करराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"झालं?"

"होय."

"सगळं बरोबर?"

"अगदी बरोबर, बाबा."

"हं." त्यांनी पडद्यावरच्या गडग्यावरून बोट फिरवलं. मग घसा खाकरून म्हणाले, "तुझ्या त्या सॉफ्टवेअरला खोड आहे ना, रेघेला चिकटायची?"

"आहे."

"विहीर नाही काय तशी चिकटवता येत?"

वेदने वळून बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. विहीर भास्कररावांच्या हद्दीत होती, गडग्याला लागून. वेदने ती अलगद धरली आणि एक चौकोन पलीकडे नेऊन सोडली.

रविवारी खेळ सुरू झाला. ड्रॅगन अजून तसाच कड्यावर बसला होता, बिचारा. तो पंख पसरतो आहे तोच डोंबिवलीहून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब थांब. वेद, ती विहीर आमच्याकडे आल्ये काय रे? आमचीच म्हणायची मग ती!"

"असेल, काका," वेद म्हणाला. "मला इथून नक्की सांगता यायचं नाही. एकदा येऊन बघायला हवं."

आणि ओटीवरून, डोंबिवलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, भास्करराव ओरडले, "यायला कशाला हवंय? वेदने नकाशा चूक काढलान आहे!"