लसीची रंगीत तालीम

आमच्या शेजारचे वामनभाऊ लग्नाच्या पंगतीलाही तालीम केल्याशिवाय बसत नाहीत. आधी जाऊन पाहून येतात, वाढपी कुठून येतो, भाजी कोणत्या टोकाला आधी पोचते. उभी हयात झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. नाटकं सुटली, खोड सुटली नाही. समोरचा बोलताना जरा अडखळला की पुढचा शब्द हेच पुरवणार.

माझ्या चिऊला चौदावं लागलं तेव्हा गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस द्यायचं मी ठरवलं. पण पोरगी सुईला अशी भिते की मागं शाळेत सुई टोचणारे आले तेव्हा ही संडासात कडी लावून बसली होती. मला त्याचाच घोर. हे मी भाऊंजवळ बोलले, मेली माझी जीभ! त्यांनी एकच विचारलं, "तालीम कवा ठेवता?"

दुसऱ्याच दिवशी ते कुरखेड्याच्या दवाखान्यात स्वतः जाऊन आले. लस कोणत्या वारी, पोरीचं आधार कार्ड लागते का, सही आईची चालते का, सगळं विचारलं. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसवतात, म्हणून पंख्याखालचा बाकही हेरून ठेवला. मग आमच्या ओसरीत तालीम. भाऊ झाले सिस्टर. "ताप हाये का? कोनत्या औषधाचा तरास?" चिऊनं सांगितलं की म्हणायचे, आवाज मागच्या रांगेले गेला पायजे. उपाशीपोटी जायचं नाही, तर तालमीआधीही पोरीला पोहे. बाही खांद्यापर्यंत जाईना, ती मला सैल करायला लावली. सुईच्या जागी भेंडीचा देठ. पोरगी हसून हसून लोळली, मलाही वाटलं, जमलं.

कुठचं काय! सिस्टरनं खरी सुई काढली अन् चिऊ थेट व्हरांड्यात, खांबाला मिठी मारून. मी समजावलं, दटावलं. भाऊ मागून कुजबुजत होते, "हात फुडं कर, हात फुडं," तर सिस्टरनंच आपला हात पुढं केला. मग भानावर येऊन म्हणाली, जबरदस्ती नको, नंतर आणा. मी पिशवी उचलली. आज घरी नेली तर ही पुन्हा यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा वामनभाऊ तिच्यापाशी उकिडवे बसले.

"तुई आजी ह्याच कॅन्सरनं गेली," ते म्हणाले. "अंगावरून जात होतं, पन सांगाले लाजे. दवाखान्यात चाल म्हनलं, तं नाई म्हने. मी बी सोडून देल्लं. तवा ही लस नोती, पोरी. आता हाये. तू रड, पन टोचून घे."

आजी म्हणजे भाऊंची बायको. इतक्या वर्षांचा शेजार, पण ती गेली तेव्हा आम्हा सगळ्यांना त्यांनी पोटाचं दुखणंच सांगितलं होतं.

चिऊ रडतच आत गेली, खुर्चीत बसली, बाही वर केली. टोचून झालं तेही तिला कळलं नाही, ती सारखी भाऊंकडे पाहत होती. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. सिस्टरनं पोरीसाठी पाण्याचा गिलास आणला. चिऊनं तो घेतला अन् तसाच त्यांच्यापुढं धरला.

"आबाजी, पहिले तुमी प्या."

भाऊंनी गिलास तोंडाला लावला.