अण्णांनी नापास केलेली जागा

मारुतीअण्णा कुठलीही जमीन आधी चार पायांवर बघतात. वय अडुसष्ट, अंगात पांढराशुभ्र लेंगा-शर्ट, डोक्यावर टोपी. जागेवर पोहोचलो की टोपी काढून एजंटच्या हातात देतात, लेंगा गुडघ्यांच्या वर ओढतात आणि तळहात टेकून सरळ रांगायला लागतात. दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे. मग थांबून मान सावकाश इकडून तिकडे फिरवतात. एजंट बिचारा गॉगल लावून, फाइल काखेत धरून, हातात टोपी घेऊन उभा. म्हाताऱ्याला चक्कर आली असं समजून पाणी आणायला पळालेले दोन एजंट मी स्वतः पाहिले आहेत.

“जनावर काय आपल्यासारखं उभ्यानं बघतं व्हय?” अण्णा खालूनच विचारतात. “त्येच्या डोळ्यानं बघा. हितनं डोंगर दिसत न्हाई. रवंथ करताना त्येनं काय बघायचं? कंपनीची भिंत?”

झालं, जागा नापास.

मला या प्रकाराचं कौतुक वाटायचं, त्याला कारण आहे. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. दिसायला चकचकीत माल बाजूला काढून लोकांच्या शिव्या खायच्या, यावर माझं घर चालतं. म्हणून अण्णा मला नावाने हाक मारत नाहीत, ‘क्वालिटीसाहेब’ म्हणतात. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि मुलाला रविवारी सवड नसते. मला सवडच सवड. शिवाय घरात थांबलो तर पंखे पुसायला लागतात.

आमची वाकडची सोसायटी अण्णांच्याच जमिनीवर उभी आहे. क्लबहाउस आहे तिथे त्यांचा गोठा होता. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने त्यांना फ्लॅट दिले. त्यातल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अण्णा आणि शेवंताकाकू राहतात, आणि मुलगा समोरच्या इमारतीत. पण अण्णांच्या डोक्यातला नकाशा काही बदललेला नाही. “मुलगा कुठे आहे?” असं कोणी विचारलं तर ते गंभीरपणे सांगतात, “खालच्या वावरात. सातव्या मजल्यावर.”

त्यांना एक लहानशी जागा हवी होती. फार नाही, वीस-तीस गुंठे. दोन गाई, एक कालवड, चाऱ्याचा तुकडा आणि दोघांना दिवसभर टेकायला एक खोली. पैशाची अडचण नव्हती, अडचण अण्णांचीच होती. सहा वर्षं दर रविवारी ते जागा बघत होते. चाकणच्या चारी अंगाला अशी वाडी उरली नसेल जिथे आम्ही चहा-पोहे खाल्ले नाहीत. पोहे खायचे आणि मुलगी नाकारायची, असला हा मामला. माझी बायको म्हणायची, “अण्णांना गाय पाळायची आहे की गाईसाठी स्थळ बघायचंय?”

रांगून झालं की शेजाऱ्याची परीक्षा. बांधापलीकडे जो कोणी असेल त्याच्याकडे अण्णा तंबाखूला चुना मागत. स्वतःची चुन्याची डबी खिशात असायची, तरी मागत.

“चिमूटभर चुना द्यायला ज्याचा हात आखडतो,” ते मला समजावत, “त्यो आपली गाय दावं तोडून गेली तर हाक मारंल का?”

मग आवाज. अण्णा डोळे मिटून बांधावर अर्धा तास बसत. एक जागा मला फार आवडली होती. तिथे जवळच्या कारखान्याचा शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजला आणि अण्णा उठलेच.

“ऐन धारंच्या वक्ताला ह्यो बोंबलला तर गाय पान्हा चोरंल. दूध वर ओढून धरंल ती. मग तुमी बसा आचळं वढत.”

एजंट म्हणाला, “अण्णा, गाईला सवय होईल की.”

“तुमाला झालीया का?” अण्णांनी विचारलं. एजंटने मुकाट्याने टोपी परत दिली. मी गाडीची किल्ली काढली.

सगळ्यात शेवटी पाणी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओंजळभर पिऊन ते पाच लिटरचा कॅन भरून घेत. घरी त्या पाण्यात काकू तुरीची डाळ शिजवत. दोन शिट्ट्यांत डाळ मऊ झाली तर पाणी गोड. नाही शिजली तर पाणी जड, जनावराच्या पोटाला वाईट. प्रयोगशाळेतून तपासून आणू, असं मी एकदा सुचवलं होतं. अण्णा म्हणाले, “तितला साहेब ते पाणी पिणार हाय का?” मी विषय सोडला.

काकू या डाळीला कंटाळल्या होत्या. “ह्येंच्या जागंपायी सहा वर्सं कच्चं वरण गिळतीया मी,” असं त्या हसत सांगत. एकदा मात्र अण्णा आत गेलेले असताना हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमी तरी सांगा त्येंना. ह्येंचं गुडघं गेलं. माजी बोटं आखडाया लागल्यात. धार काढायचं इसरल्यावर गाय आणून काय पूजा करायची?”

काकूंचं खरं होतं. आधी अण्णा रांगून झाल्यावर झटक्यात उठत. मग एक हात टेकून. अलीकडे मला दोन्ही काखांत हात घालून उठवावं लागत होतं. आणि नापास करण्यात ते इतके तरबेज झाले होते की त्या भागातले एजंट त्यांचा शब्द प्रमाण मानत. मारुतीअण्णांनी पाणी चांगलं म्हटलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेच सांगत. वाईट म्हटलं की गुरंवाले तिकडे फिरकत नसत.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही भामा नदीच्या अंगाला एक जागा बघायला गेलो. अठ्ठावीस गुंठे, दगडी बांधणीची विहीर, पत्र्याचा गोठा, दोन आंबे. मालकीण भागूबाई, सत्तरीच्या पुढची, नवरा गेलेला. दोन मुलं कंपनीत कामाला आणि दोघांनी मिळून चिंचवडला फ्लॅट बघितलेला. गोठ्यात एकच गाय होती, तांबूस, शिंगं आत वळलेली.

अण्णा रांगले. समोर डोंगराची पूर्ण रांग दिसत होती. शेजाऱ्याने चुना तर दिलाच, वर तंबाखूही दिली. अर्धा तास बसून राहिलो, तर पाण्याच्या मोटारीशिवाय आवाज नाही. घरी डाळ दुसऱ्या शिट्टीला लोण्यासारखी झाली. काकूंनी मला खास वर बोलावून वाटीभर वरण दिलं. माळ्यावरून धार काढायची पितळी चरवी काढून, चिंचेने घासून ओट्यावर पालथी घातलेली होती.

“हीच घ्या,” त्या अण्णांना म्हणाल्या. “आता नाट लावू नगा.”

“घेतली समज,” अण्णा म्हणाले. इतक्या वर्षांत मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या रविवारी आम्ही बोलणी करायला गेलो. भागूबाईंची मुलं होती, एजंट होता, गोठ्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. चहा आला. बोलणं सुरू झालं, पण अण्णांचं लक्ष नव्हतं. ते गोठ्याकडे बघत होते.

भागूबाईंनी गाईपुढे पाण्याची बादली ठेवली होती. गाय पाण्याला तोंड लावेना. बाई बादली ठेवून बाजूला झाली की ती मान वर करून बाईकडे बघायची. शेवटी बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ती प्यायला लागली. बादली रिकामी होईपर्यंत बाई तशीच उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

अण्णांनी कप खाली ठेवला.

“पाणी मचूळ हाय,” ते म्हणाले.

एजंट चमकला. “अण्णा, मागच्या खेपेला तर—”

“डाळ शिजली न्हाई. जनावराला हे पाणी चालायचं न्हाई. आपल्याला नको जागा.”

भागूबाई वळल्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. “चाळीस वर्सं ह्येच पाणी पितोय आमी,” एवढंच त्या म्हणाल्या. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

आणि मी, ज्याने ते वरण स्वतः खाल्लं होतं, गप्प बसलो. चार माणसांत अण्णांना खोटं कसं पाडायचं, हा एक विचार. दुसरा असा की त्यांच्या डोक्यात काही तरी असेल. आज वाटतं, तोंड उघडायला हवं होतं. माझी सगळी नोकरी चुकीच्या शिक्क्याला हरकत घेण्याची, आणि जिथे हरकत घ्यायची तिथे मी चहा पीत बसलो.

गाडीत बसल्यावर मात्र मी जरा चिडूनच विचारलं. अण्णांनी काच खाली केली. मग म्हणाले, “त्या बाईला बघितलं न्हवं? आपुन जागा घेतली की तिला उठावं लागंल. पोरं तिला फ्लॅटात न्हेतील. मी नापास केली की दुसरा गाईवाला येत न्हाई. पोरं गप बसतील. चार वर्सं काढंल म्हातारी गाईसंगं.”

“आणि काकू?”

“तिला सांगा, सातबाऱ्यात घोळ हाय.”

मी सांगितलं. चरवी पुन्हा माळ्यावर गेली, आणि ती चढवून द्यायला स्टुलावर मीच उभा होतो.

त्यानंतर अण्णा जागा बघायला निघेनासे झाले. रविवारी मी गाडी पुसून ठेवायचो, ते खाली यायचे, थोडा वेळ गप्पा मारून परत वर जायचे. गुडघ्यांचं कारण सांगत. दिवाळी झाल्यावर एकदा स्वतःच म्हणाले, “भामंकडं चक्कर मारू. बाई कशी हाय बघू.”

रस्त्याच्या वळणावरून आंबे दिसायचे, ते दिसले नाहीत. अठ्ठावीस गुंठ्यांवर मुरूम टाकून सपाटी केली होती. चारी बाजूंनी पत्रे उभे होते आणि आत कंटेनरचे ट्रक लावलेले होते. विहीर कुठे होती ते आम्हाला ओळखता येईना. बांधापलीकडचा चुनेवाला शेजारी आला. त्याने सांगितलं ते इतकंच, की पाणी मचूळ आहे असं पसरल्यावर गुरंवाल्यांनी पाठ फिरवली. पोरांना वाटलं, आता ही जागा खपत नाही. तेवढ्यात पार्किंगसाठी जागा शोधणारा एक जण आला. त्याला पाण्याशी काय करायचंय? मिळेल त्या भावात देऊन टाकली. गाय बाजारात विकली. बाईला चिंचवडला नेलं.

अण्णा त्या पत्र्याला हात लावून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मला त्यांची दया येत होती आणि स्वतःची लाज वाटत होती.

“पत्ता घ्या,” ते म्हणाले. “तिला सांगायला पायजे. पाणी गोड व्हतं म्हणून.”

चिंचवडचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. सून कामाला गेलेली, भागूबाई एकट्याच होत्या. त्यांनी आम्हाला ओळखलं, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. अण्णा ग्लास हातात धरून बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. डाळ शिजल्याचं, खोटं बोलल्याचं, का बोलल्याचं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

भागूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. मला वाटतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला ठावं व्हतं पाणी गोड हाय,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तुमचा इचार फिरला आसंल. मी तर त्या दिवशी तुमालाच इचारणार व्हते, भाऊ. म्हटलं, ह्ये गाईसाठीच घेत्यात. ह्येंना म्हणावं, गाय ऱ्हाऊ द्या, आन मला बी ऱ्हाऊ द्या तिच्यापशी. शेणघाण काढीन. त्या खोलीत पडून ऱ्हाईन. तुमी न्हाई म्हटला नसता, आसं वाटलं व्हतं.”

अण्णांनी ग्लास खाली ठेवला. जाताना त्यांनी वाकून बाईंना नमस्कार केला. त्या वयाने दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील.

लिफ्ट असूनही ते जिन्याने उतरायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले. मी शेजारी बसलो. खालून कोणाच्या तरी घरातला फोडणीचा वास येत होता.

“शेवंताला सोबत झाली अस्ती,” ते म्हणाले. “दोघींनी मिळून धारा काढल्या अस्त्या. त्यात काय अवघड व्हतं? घेतली अस्ती तरी बाई तितंच ऱ्हायली अस्ती.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “हे मला सुचलंच न्हाई, क्वालिटीसाहेब. घेणारा आला की ऱ्हाणाऱ्यानं उठायचं, एवढंच बघितलंय आमी.”

मी त्यांच्या काखांत हात घालून त्यांना उभं केलं. मला तरी कुठे सुचलं होतं.