अण्णांचे पाच मिलीमीटर

अण्णा खैरनारांच्या घरी गेलात तर चहाच्या आधी काट्यावर उभं राहावं लागतं. लोकांकडं दारात चपलांचं स्टँड असतं, अण्णांकडं भंगारातून आणलेला गोण्या मोजायचा काटा हाय. चपला काढायच्या, काट्यावर चढायचं, अण्णा चष्मा कपाळावर नेऊन आकडा बघणार, वहीत लिहिणार, आणि मग म्हणणार, "या, बसा." पोस्टमन असो की गॅसवाला, सुटका नाय. एकदा गणपतीची वर्गणी मागायला सात पोरं आली. अण्णांनी सातही मोजली, बेरीज सांगितली, आणि तिसऱ्या नंबरच्या पोराला म्हणाले, "जेवत जा." पोरं लाजून वर्गणी न घेताच गेली.

माझं वजन शहाण्णव. हा आकडा माझ्या बायकोला माहीत नव्हता, सासऱ्याला नव्हता. आता आख्ख्या एकलहरे रोडला माहीत हाय.

मी बाळू. अण्णांच्या घराला लागून माझं पत्र्याचं शेड हाय, तिथं मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. शाळेत चौथीपर्यंत गेलो. चौथीत तीन वर्षं होतो, म्हणजे वर्षं मोजली तर सहावी झाली. आकडे वाचता येतात, स्वतःचं नाव वाचता येतं. बाकीची अक्षरं लांबून ओळखीची वाटतात, जवळ गेलो की तोंड फिरवतात.

अण्णा मूळचे देवळ्याकडचे. एकलहऱ्याला विजेच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते. एवढा मोठा फिरणारा दांडा असतो, तो केसभरही वाकडा बसता कामा नये, ते बघायचं काम. रिटायर झाले, पण सवय सुटली नाय. गॅसवर पातेलं ठेवलं तरी ते सपाट बसलंय का, हे पाणसळ लावून बघतात. कुठलंही काम झालं की मान तिरकी करून म्हणतात, "पाच मिलीमीटर राहिलंय."

लग्न केलं नाय त्यांनी. "मुलगी बघायला गेले असाल आणि पाच मिलीमीटर राहिलं असेल," मी एकदा म्हणालो.

"सात," अण्णा म्हणाले, आणि चहा प्यायला लागले. मला अजून कळलं नाय, तो विनोद होता का माहिती.

तर दोन वर्षांमागं अण्णा मोबाईल घेऊन शेडात आले. त्यात एक गोरा म्हातारा मोटारीच्या मागं आख्खं घर ओढत चालला होता. आत पलंग, ओटा, खिडकीला पडदे.

"बाळू, असा डबा बनवशील?"

मी हो म्हणालो. हो म्हणायला मला विचार करावा लागत नाय, म्हणून मी तेच म्हणतो.

"पण जाणार कुठं?"

"समुद्रावर. मी समुद्र बघितला नाय. सुट्टी टाकली की मशीन बंद पडायची. आता डबा किनाऱ्यावर लावायचा, आत झोपायचं, सकाळी दार उघडलं की समोर समुद्र."

मी दीड महिन्यात डबा बनवून दिला. ऐटीत बनवला. आणि एवढी मोठी घोडचूक केली की मला स्वतःचा अभिमान वाटायला पाहिजे, कारण एवढी मोठी चूक जमायला पण अनुभव लागतो.

त्याचं असं हाय. दोन चाकी ट्रॉली बनवताना आम्ही चाकं जरा मागं घेतो. म्हणजे माल पुढं झुकतो आणि वजन ट्रॅक्टरच्या हुकावर बसतं. ट्रॅक्टरला ते आवडतं, त्याची मागची चाकं रानात रुतून चालतात. माझा हात तीस वर्षं तेच करतोय. डब्याची चाकं पण त्यानं मागं घेतली, मला न विचारता. आणि डबा ओढायला होती अण्णांची जुनी जीप.

डबा हुकाला लावला तशी जीप मागून खाली बसली आणि पुढून वर उठली, म्हशीनं मान वर करावी तशी. अण्णांनी दिवे लावले. उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर पडला. तिथल्या वहिनींनी पडदे ओढून घेतले.

"हाई काय शे, बाळू?" अण्णा म्हणाले. चिडले की ते देवळ्याचं बोलतात.

मी म्हणालो, "अण्णा, चढाला बरं पडेल."

पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग ऐकत नाय. म्हणून अण्णांनी त्यावर इलाज काढला. जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांच्या दोन लांब काठ्या केल्या. त्यांचं एक टोक हुकाखाली अडकवलं, दुसरं टोक साखळीनं डब्याला वर ताणून बांधलं. साखळी ताणली की काठी वाकते, हुकावरचं वजन उचलते आणि पुढच्या चाकांवर नेऊन टाकते. किती ताणायची, ते साखळीच्या कड्या मोजून. खूण एकच. नुसती जीप उभी असताना पुढच्या मडगार्डची कड जमिनीपासून आठशे दहा मिलीमीटरवर असते. डबा लावल्यावरही ती आठशे दहालाच आली पाहिजे.

तेव्हापासून दर रविवारी तोच कार्यक्रम. अण्णा सकाळी डबा लावणार, साखळी पाचव्या कडीत अडकवणार, मडगार्डला टेप लावणार आणि हाक मारणार, "बाळू, पाच मिलीमीटर राहिलंय."

मग मी जाऊन जीपमध्ये पुढच्या डाव्या सीटवर बसायचं. जीप पुढून खाली दबायची. अण्णा परत टेप लावायचे. "आठशे दहा. मापात."

"मग निघा की समुद्रावर," मी खाली उतरत म्हणायचो.

अण्णा परत टेप लावायचे. "तू उतरलास. परत पाच राहिलं."

असे दोन वर्षं रविवार गेले. माझी बायको मंदा म्हणायची, "लोक रविवारी मिसळ खायला जातात, तुम्ही वजन म्हणून जाता." मी म्हणायचो, "मिसळ खाल्ली म्हणूनच वजन म्हणून बोलावतात."

एकदा अण्णांना घरच्या मापाचाच संशय आला. म्हणाले, अंगणाला उतार असणार, भुईकाट्यावर जाऊ. मार्केटजवळ ट्रक-ट्रॅक्टर मोजायचा मोठा काटा हाय, तिथं आम्ही डबा घेऊन गेलो. ऐन कांद्याचा सीझन, मागं ट्रॅक्टरांची रांग. अण्णांनी आधी पुढची चाकं मोजली, मग मागची. मग मला उतरवून मोजली, मग बसवून. काट्यावरचे शकूरभाई खिडकीतून म्हणाले, "खैरनार साहेब, माणूस मोजताय का गाडी?"

"दोन्ही," अण्णा म्हणाले.

मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं उतरून डब्याला एक चक्कर मारली. वाकून चाकं बघितली. "हा डबा ट्रॉलीवाल्यानं बनवलाय का ओ? चाकं लय मागं घेतलीत. कोण हाय तो येडा?"

मी बसल्या जागी खाली वाकून चप्पल शोधायला लागलो. चप्पल पायातच होती.

"आणि या भाऊंना कशाला चढवता-उतरवता?" तो अण्णांना म्हणाला. "त्यांच्या जागी दोन गोण्या टाका. गोण्या बऱ्या, चहा मागत नाय."

"गोण्या नको," अण्णा म्हणाले आणि टेप गुंडाळला. कारण सांगितलं नाय. मला वाटलं, गोणीचं माप पक्कं लागत नसेल.

मला पण लाज वाटत होती. त्याच दिवशी म्हणालो, "अण्णा, चूक माझी हाय. डब्याची चाकं कापून फूटभर पुढं घेतो. एका दिवसाचं काम, मजुरी नको."

"नको."

"मग ते पाच मिलीमीटर कायमचं जाईल."

"म्हणूनच नको," अण्णा म्हणाले. मला वाटलं, माझ्या वेल्डिंगवरचा विश्वास उडाला.

मधेच मला साखर निघाली. डॉक्टरनं सांगितलं, वजन उतरवा. मंदानं भात बंद केला, जिलबी बंद केली, माझ्याशी बोलताना पण साखर बंद केली. मी त्र्याण्णवला आलो, मग एकोणनव्वदला. दर रविवारी अण्णा काट्यावरचा आकडा बघायचे आणि एका वेगळ्या वहीत काहीतरी खोडायचे. मला वाटायचं, यांची दोन वर्षांची मेहनत मी घाम गाळून वाया घालवतोय.

म्हणून मी ठरवलं, न विचारता चाकं पुढं घेऊन टाकायची. एका शुक्रवारी अण्णा डोळे दाखवायला गेले. मी ग्राइंडर घेऊन अंगणात गेलो. कापायच्या आधी खूण करायला टेप पाहिजे, तो डब्यात असतो. डब्यात शिरलो.

मी बनवला तेव्हा डब्यात एक पलंग होता. आता दोन होते. दुसरा जरा रुंद. खाली वाकून बघितलं तर त्याला दुहेरी अँगल मारलेला. वेल्डिंग अण्णांचं, वेडंवाकडं पण जाड. मागं एकदा मी अण्णांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो आणि खुर्चीचे चारी पाय चार दिशांना गेले होते. अण्णांना ते आठवत असणार.

त्या पलंगावर अण्णांची ती रविवारची वही होती. मी उघडली. अक्षरांनी नेहमीप्रमाणं तोंड फिरवलं, पण आकडे ओळखीचे. पहिल्या पानावर कडीचं चित्र, त्याच्यापुढं सहा. मग बासष्ट, ते अण्णांचं वजन. मग आठशे दहा.

मी परत बघितलं. सहावी कडी, अण्णा एकटे, आठशे दहा. मापात. पहिल्याच पानावर, म्हणजे दोन वर्षांमागं. अण्णा एकटे कधीच निघू शकत होते. एक कडी जास्त ताणायची, बस.

दुसऱ्या पानापासून शेवटपर्यंत पाचवी कडी. बासष्ट, आणि त्याच्या खाली एक शब्द जो मला वाचता येतो. बाळू. पुढं शहाण्णव. ते खोडून त्र्याण्णव, शेजारी तीन आणि पाण्याच्या कॅनचं चित्र. ते पण खोडून एकोणनव्वद, शेजारी सात आणि परत कॅन. आकडे खोडले होते. नाव एकदाही खोडलं नव्हतं.

चौथीत तीन वर्षं बसलो ते उगाच नाय, हे मला त्या दिवशी पटलं. जे शकूरभाईच्या काट्याला कळलं असेल ते मला दोन वर्षं सीटवर बसून कळलं नाय. मी ग्राइंडर उचलला आणि घरी गेलो.

त्या रविवारी मी हाक यायच्या आधीच गेलो. काट्यावर चढलो.

"अठ्ठ्याऐंशी," अण्णा म्हणाले. "घटलास."

"डॉक्टर म्हणतो, अजून घटवा."

अण्णांनी चष्मा खाली घेतला. "घटव. तेवढं पाणी तुझ्या पायाशी ठेवू."

मग त्यांनी डबा लावला, पाचव्या कडीत साखळी अडकवली, टेप लावला. "पाच मिलीमीटर राहिलंय." मी सीटवर बसलो, पायाशी कॅन घेतला. टेप परत लागला.

"आठशे दहा. मापात," अण्णा खालूनच म्हणाले. टेप गुंडाळत म्हणाले, "उतर आता."

"नाय उतरत."

"का?"

"उतरलो की परत पाच राहतं. मंदाला सांगून आलोय, चार दिवस नाय येणार. ती म्हणाली, समुद्राचं पाणी खारट असतंय, साखरेला चालेल."

अण्णा मडगार्डला धरून हळूहळू उभे राहिले. मागच्या सीटवर माझ्या कपड्यांची पिशवी होती, ती त्यांना दिसली.

"ही मोजली नाय," ते म्हणाले.

पिशवी घेऊन घरात गेले आणि दारातल्या काट्यावर ठेवली. मला जीपमधून त्यांची पाठ दिसत होती. पिशवीत दोन शर्ट, एक लुंगी आणि गोळ्यांचं पाकीट. तेवढं मोजायला कुणाला एवढा वेळ लागत नाय.