दारापाशी जागा नाही

सातिबाल्दीच्या घरी जेवायला बोलावलेली सगळी माणसं आत आली होती, पण दारापासून पुढे कोणी सरकत नव्हतं. दारासमोरच्या भिंतीला, रजयांच्या चळतीखाली, त्योर म्हणजे मानाची जागा होती. तिथे मऊ गाद्या घातल्या होत्या आणि गाद्यांवर कोणीही नव्हतं. दाराच्या बाजूला मात्र अख्खी मंडळी एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी बसली होती.

एरवी नारिनकडच्या या गावात त्योरवर कोणी बसायचं यावरून भाऊ भावाशी वर्षभर बोलत नाही. पण ही गावातली ख्रिस्ती मंडळी होती. मागच्या रविवारी त्यांच्या म्हाताऱ्या पाळकाने बिश्केकला मुलीकडे कायमचं जाण्याआधी शेवटचा उपदेश केला होता, की प्रभूपुढे सगळे सारखे, तेव्हा जेवायला बोलावलं तर सर्वांत खालच्या जागी बसा. मग तो म्हणाला होता, "शनिवारी सातिबाल्दीकडच्या जेवणाला शहरातले ज्येष्ठ पाळक तेमिरकान येतील. जो सर्वांत नम्र दिसेल त्याला ते माझ्या जागी नेमतील." मंडळीने पहिलं वाक्य उपदेश म्हणून ऐकलं आणि दुसरं नोकरीची जाहिरात म्हणून.

सातिबाल्दीला ती जागा हवीच होती. आयुष्यभर तो गुरांचा डॉक्टर होता आणि गुरं उपदेश ऐकून घेत नाहीत. त्याच्या आड एकच माणूस होता, शाळेतला कवायतीचा मास्तर दुइशेन. दोघांची चुरस जुनी होती. वसंतात नम्रता म्हणून एकमेकांचे पाय धुण्याच्या विधीला दुइशेनने सातिबाल्दीचे पाय इतका वेळ धुतले, की सातिबाल्दीला सर्दी झाली. मग सातिबाल्दीने त्या सर्दीबद्दल दुइशेनला सगळ्यांसमोर क्षमा केली. तेव्हापासून ते एकमेकांशी फारच गोड बोलत.

"दादा, तुम्ही वर बसा ना," दुइशेन म्हणाला.

"मी यजमान. माझी जागा दारात."

"तेच म्हणतोय मी. यजमानाने दारात बसायचं ही रीतच आहे, त्यात नम्रता कसली? मी पाहुणा असून दारात बसलोय."

स्वतःच्या घरात सातिबाल्दीची नम्रता धरलीच जात नव्हती.

तेवढ्यात त्याची सून बुरुल बेशबर्माकचं वाफाळतं परातीएवढं ताट घेऊन बाहेरून दाराशी आली. पहाटेपासून ती कणीक तिंबत होती, शेवया कापत होती, मांस उकडत होती.

"जरा सरका. ताट आत न्यायचंय."

"बहिणी," दुइशेन डोळे मिटून म्हणाला, "आम्ही सगळे तुझ्याही खालचे."

"खालचे असाल हो, पण दारातले आहात. माझा हात भाजतोय."

कोणी सरकेना. सरकायचं म्हणजे त्योरकडेच सरकावं लागलं असतं. शेवटी ताट डोक्यांवरून हातोहात आत गेलं आणि रिकाम्या त्योरसमोर जाऊन बसलं.

उंबरठ्यावर बसणं अशुभ, म्हणून सातिबाल्दी उंबरठा ओलांडून बूट काढायच्या बोळात जाऊन बसला. दुइशेन त्याच्यामागे आला आणि बुटांवर बसला. सातिबाल्दी अंगणातल्या बर्फात गेला. दुइशेन बूट न घालता, नुसत्या मोज्यांवर त्याच्यामागे गेला. सातिबाल्दीने एकदा त्या मोज्यांकडे पाहिलं आणि स्वतःचे मोजेही काढले. आता उबेत बसून राहणं हा गर्व ठरला असता, म्हणून बाकीचेही एकेक करून बाहेर आले.

तेमिरकान यायची चिन्हं नव्हती आणि मांस निवत होतं. बुरुल मेंढीचं उकडलेलं डोकं घेऊन बाहेर आली.

"तुमच्यात जो मोठा असेल त्याने हे घ्या आणि जेवायला सुरुवात करा. मोठ्या माणसाने डोकं घेतल्याशिवाय तुम्ही कोणी हात लावणार नाही."

"मोठा? इथे कोणी मोठा नाही," सातिबाल्दी म्हणाला आणि डोकं दुइशेनकडे दिलं. दुइशेनने ते चटका बसल्यासारखं पुढे दिलं. डोकं रांगेतून हळूहळू फिरलं. शेवटच्या माणसाला पुढे द्यायला कोणी उरलं नाही, म्हणून त्याने ते खाली ठेवलं. तिथे सातिबाल्दीचा कुत्रा होता. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

थंडीत, घराबाहेर, मान खाली घालून पुरुषांची रांग उभी आहे, हे गावात एकाच प्रसंगी दिसतं. शेजारचा असानबाय ते भिंतीवरून पाहून गळा काढतच फाटकातून आत आला. "माझ्या भावा रे, मला सोडून कुठे गेलास रे..." त्याने रांगेतल्या प्रत्येकाला मिठी मारली. सातिबाल्दीपाशी आल्यावर तो थबकला.

"तू तर इथेच आहेस. मग गेलं कोण?"

"कोणीच नाही. आम्ही नम्र होतोय."

"अनवाणी?"

"हो."

असानबायने डोळे पुसले. "आधी सांगायचं ना. बायकोला अर्ध्या गावात निरोप द्यायला पाठवलंय मी," असं म्हणून तो तिला थांबवायला पळाला.

त्याच वेळी तेमिरकानची मोटार आली. शहरातले मुरलेले गृहस्थ ते. अंगणातली रांग आणि सातिबाल्दीचे निळे पाय पाहून काय चाललंय ते त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि टोपी काढली.

"चला आत," सातिबाल्दी म्हणाला. "तुमच्यासाठी त्योर मोकळा ठेवलाय."

"मी? मी या फाटकातून आत यायच्याही लायकीचा नाही," तेमिरकान म्हणाले आणि रस्त्यातच उभे राहिले.

शहराचं शिक्षण ते शहराचं. दुइशेन आणि सातिबाल्दी घाईने फाटकाबाहेर आले. तेमिरकान आणखी खाली, ओढ्याकडे सरकले. त्यांच्या खाली दुइशेन गेला, दुइशेनच्या खाली सातिबाल्दी गेला, आणि अशा रीतीने सगळी मंडळी गावाबाहेर जायला लागली. ओढ्यापाशी उतार संपला. नम्रता अजून शिल्लक होती, पण वारा सुटला होता.

परत आले तर घराचं दार बंद. सातिबाल्दीने ठोठावलं.

"कोण आहे?" आतून बुरुलचा आवाज आला.

"आम्ही, बाई. तुझे सेवक," तेमिरकान कुडकुडत म्हणाले.

कडी निघाली. बुरुल दार उघडून परत गेली आणि होती तिथे बसली. ती त्योरवर बसली होती. ताट तिथेच होतं, गाद्या तिथेच होत्या, चरबी गोठायला लागली होती आणि ती पहाटेपासून उपाशी होती. तिने बोटं चाटून पुसली.

"बरं झालं सेवक आलात. दारापाशी बसेल त्याने सगळ्यांना चहा ओतायचा, ताटं उचलायची आणि मागाहून भांडी घासायची. रोज मीच बसते तिथे, म्हणून सांगते. बसा."



"माझी कंबर जरा धरलीय, भिंतीला टेकतो," तेमिरकान म्हणाले आणि त्योरवर बुरुलच्या शेजारी जाऊन टेकले.

"ज्येष्ठांजवळ कोणी तरी हवंच," म्हणत दुइशेन त्यांच्या मागोमाग गेला. मग बाकीचेही निघाले, आणि बघता बघता त्योरवर इतकी दाटी झाली की वरच्या रजया लोकांच्या डोक्यावर पडल्या.

सातिबाल्दीलाही जायचं होतं. त्याने फार प्रयत्न केला. पण गारठलेले पाय उंबरठ्याच्या आत आल्याबरोबर त्याच्या ताब्यातून सुटले होते. तो मटकन दारापाशी, चहाच्या समोवारच्या बाजूला बसला तो बसलाच.

तेमिरकाननी रजईतून डोकं बाहेर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"बघा. एकच माणूस खाली राहिला. आजपासून हेच तुमचे पाळक."

सातिबाल्दीने या क्षणासाठी एक भाषण तयार ठेवलं होतं. मी याच्या लायक नाही, असं ते सुरू व्हायचं. त्याने घसा खाकरला. पण तोवर त्योरकडून चहाच्या रिकाम्या वाट्या पुढे यायला लागल्या होत्या. पहिली वाटी सुनेची होती.

"अर्धीच भरा, मामंजी," बुरुल म्हणाली. "काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे 'आता उठा', आणि मी आत्ताच बसलेय."