क्वालिटी टाइम: व्याख्या आणि अंमलबजावणी

आमच्या कार्यालयात पाच वर्षांखालील मूल असलेल्या आयांना एक तास लवकर घरी जाण्याची सवलत जाहीर झाली. अट एकच: तो तास मुलासोबत ‘क्वालिटी टाइम’ म्हणून घालवला जाईल, हे समितीला पटले पाहिजे. माझी लेक अडीच वर्षांची. ती सातला झोपते, मी सव्वासातला पोचते. ती जागी असताना पाऊण तास मिळावा म्हणून मी अर्ज केला.

समितीत साहेब, हेडक्लार्क आणि बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ होते. त्या दोन शब्दांचा अर्थ ठरवायला त्यांना तीन बैठका लागल्या. निष्कर्ष निघाला, की टाइम कुणाकडेही असतो. क्वालिटी सिद्ध करावी लागते.

मी रविवारचा तपशील जोडला होता. हेडक्लार्कनी तो चष्मा पुसून वाचला.

“न्हाऊ घातलं, भरवलं, नखं कापली. अहो बाई, ही तर कामं झाली.”

“नखं कापताना ती प्रत्येक नखाला टाटा करत होती.”

“कोणी पाहिलं?”

“मी.”

“तुम्ही अर्जदार. तुमचं पाहणं धरता येत नाही.”

सासूबाईंचंही धरता येईना, त्या नात्यातल्या. मग चित्रफीत मागवली. आई, मूल आणि भिंतीवरचं घड्याळ एकाच चौकटीत हवं. पुढच्या रविवारी सासूबाई मोबाइल धरून ओरडत होत्या, “अगं, तिच्याकडे काय बघतेस, जरा सरक! घड्याळ कापलं जातंय!” लेकीने भोकाड पसरलं. मुलाचं रडणं तज्ज्ञांच्या मते क्वालिटीला बाधक. सबब मला आठवडाभराचं प्रशिक्षण लागलं, ऑफिस सुटल्यावर, सहा ते आठ.

प्रशिक्षणात प्रत्येकीला एक बाहुली दिली होती. तिच्या डोळ्यांत सलग चार मिनिटं मायेने बघून मी पहिली आले. त्या आठवड्यात लेक मला झोपलेलीच दिसली. रोज मोजे तेवढे बदललेले असायचे.

पहिल्या नंबरामुळे मला थेट समितीवरच घेतलं. सदस्याने स्वतःचा अर्ज मंजूर करणं नियमात बसत नाही, म्हणून माझा अर्ज निकाली निघाला. पण समितीचं काम आटोपलं की सदस्य घरी जाऊ शकतो, असं हेडक्लार्क हळूच म्हणाले.

पहिल्याच दिवशी पॅकिंगमधल्या एका मुलीचा अर्ज माझ्याकडे आला. तिचं बाळ आठ महिन्यांचं. तपशिलात एकच ओळ होती: ‘बाळ छातीवर झोपलं, तासभर मी हलले नाही.’

“ताई, तुम्हाला तरी कळेल,” ती म्हणाली.

मला कळलं. पण मंजुरीसाठी दोन पानं कारणं लिहावी लागतात, नामंजुरीला शिक्का पुरतो. पाच वाजत आले होते.

“कृती नमूद नाही,” मी म्हणाले आणि शिक्का मारला.

सव्वासहाला घरी पोचले. लेक जागी होती. धावत आली, गळ्यात पडली, आणि मी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

मला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. पण आधी सांगा, तुमच्या घरी कुणी डोळे ताणून वाट बघत असतं, तर ती दोन पानं तुम्ही लिहीत बसला असता?