परातीतले पाय

उमेंद्र पहिला येणार, याबद्दल गावात दोन मतं नव्हती. एकच मत होतं, आणि ते उमेंद्रचं स्वतःचं होतं. "बाकीचे लोकं दुसऱ्या नंबरासाठी धावून राहिले," असं तो कोहमाऱ्याच्या टपरीवर बसून सांगायचा. चहा मात्र घ्यायचा नाही. चहाने दम लागतो म्हणे!

शर्यत साधीसुधी नव्हती. कोहमाऱ्यापासून निघून नागझिऱ्याच्या बाजूच्या जंगलकाठच्या गावांतून फिरून परत कोहमाऱ्याला, अशी बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन होती. आमच्याकडे एवढ्या लांब आजवर फक्त हरवलेल्या म्हशीमागेच कोणी गेलं असेल. तेही पळत नाही. पण तालुक्यातल्या एका खासगी शाळेच्या अध्यक्षांनी माईकवर जाहीर करून टाकलं होतं, "तालुक्यातला जो पहिला येईल, तो आमच्या शाळेचा खेळशिक्षक!" आणि ते वाक्य उमेंद्रच्या काळजात जाऊन बसलं होतं.

कारण खेळशिक्षकाची पदवी त्याच्याकडे होती. लग्नाच्या शालूखाली, पेटीत, घडी न मोडता पडली होती. पोलीस भरतीत एकदा गुडघ्याने दगा दिला, एकदा तापाने, आणि मग वयानेच दिला. आता तो हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा आणि उरलेला वेळ पळायचा. ही नोकरी गेली तर पुढे काय, याचं उत्तर त्याला माहीत होतं, म्हणून तो स्वतःला तो प्रश्न विचारत नसे.

आमच्याकडे पळण्याचा सराव करणं म्हणजे काय, ते सांगून समजायचं नाही. माणूस रस्त्यावर एकटा पळताना दिसला की लोकांना दया येते! मोटारसायकली थांबतात. "बसा ना भाऊ, सोडून देतो!" नाही म्हटलं की राग येतो. "आमची गाडी चालत नाही काय तुमाले?" ढाब्यावरचे ट्रकवाले ओरडतात, "अरे भाई, कोई पीछे पड़ा है क्या?" आई गुडघ्याला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळायची. त्या वासाने गावातली कुत्री मागे लागायची, आणि खरं सांगायचं तर उमेंद्रचा वेग जो वाढला, तो त्या कुत्र्यांमुळेच.

आता त्याच्या सासुरवाडीचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

सासुरवाडी कुसुमटोला. सासरे मनिराम, सासू रुख्मा, धाकटी, अजून लग्नाची मेहुणी चंदा. आणि थोरल्या मेहुणीचा नवरा, म्हणजे साडू हिमांशू, जो गोंदियात बँकेत होता. आपल्याकडे जावई दारात आला की पितळी परात येते, लोट्यातलं कोमट पाणी येतं आणि सासरा स्वतः उकिडवा बसून जावयाचे पाय धुतो. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, दोन्ही जावई एकदमच पोचले होते. हिमांशूचे पाय धुतले. बोटं न् बोटं धुतली. उमेंद्र पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तयार बसला होता. मनिरामने परात उचलली, पाणी भाजीच्या वाफ्यात ओतलं, परात भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "तुमी बोरिंगवर धुवून घ्या जवाईबापू. तुमी त घरचेच!"

उमेंद्र दुमडलेल्या पॅन्टीनिशी बोरिंगवर गेला. एका हाताने दांडा हापसायचा आणि धारेखाली पाय धरायचा, ही कसरत जमत नाही. त्याने ती केली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको प्रेमिला हे बघत होती. त्यावर नवरा-बायको पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि म्हणूनच ते दोघंही विसरले नाहीत.

तर शर्यतीच्या आदल्या दिवशी संयोजकांनी मार्ग बदलला. हायवेवर ट्रक थांबवायला पोलीस तयार होईनात. नवा मार्ग थेट कुसुमटोल्याच्या मुख्य गल्लीतून जाणार होता, मनिरामच्या दारावरून!

उमेंद्रला घाम फुटला. सासुरवाडीत जावई, तोही चड्डीवर!

"तू आत्ताच्या आत्ता बाबाले फोन कर," तो प्रेमिलाला म्हणाला. "सांग, मी दारावरून जाईन, पन थांबनार नाई. पानी नको, चहा नको, राम राम बी नको. मले दिसले तरी ओळख दाखवू नका म्हन."

"असं कसं सांगू बापाले?"

"नोकरीचा सवाल आहे! सांगतेस का नाई?"

प्रेमिला फोन घेऊन अंगणात गेली. बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "सांगितलं," म्हणाली. मग तिने त्याच्या बुटांच्या नाड्या पाहिल्या, आणि सकाळी निघताना स्वतः बसून दोन-दोन गाठी मारून दिल्या. सुटू नयेत म्हणून दातांनी ओढल्या.

शर्यत सुरू झाली आणि पहिल्या दोन गावांतच अर्धे लोक गळाले. नागपूरहून आलेले, रंगीत चष्मे लावलेले लोक झाडाखाली बसून फोटो काढायला लागले. उमेंद्र पुढे होता. त्याच्या मागे, वळणावर मागे बघितलं तरच दिसेल एवढ्या अंतरावर, शेजारच्या गावचा लखन होता. वनरक्षकाच्या भरतीची तयारी करणारा उंच, लाजाळू पोरगा. बाकी कोणी दिसतच नव्हतं. गुडघा गप्प होता, श्वास लयीत होता, आणि उमेंद्रच्या डोळ्यांसमोर शिट्टी होती. गळ्यात अडकवायची, खेळशिक्षकाची शिट्टी.

मग कुसुमटोला आलं.

आधी त्याला वाटलं, लग्न आहे. गल्लीच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण होतं. दोन्ही बाजूंना माणसं होती. कोणीतरी डफडं वाजवत होतं. आणि मधोमध, नेमकं मनिरामच्या दारासमोर, डांबरी रस्त्यावर लाकडी पाट मांडलेला होता. पाटासमोर पितळी परात. तीच परात! परातीशेजारी, खांद्यावर कोरा टॉवेल टाकून, मनिराम उकिडवा बसलेला होता.

"या जवाईबापू! या!"

तुम्ही म्हणाल, पळून जायचं होतं. बाजूने वाट होती. पाटाला वळसा घालून माणूस सहज निघून गेला असता. उमेंद्रलाही ते दिसलं होतं. पण मनिराम वर बघत होता आणि उमेंद्र खाली बघत होता, आणि असं आजवर कधी घडलं नव्हतं. बोरिंगवरचं ते गार पाणी त्याला आठवलं. मागे लखन बऱ्यापैकी लांब होता. क्षणभराचं तर काम! पाय धुवायला असा किती वेळ लागतो?

उमेंद्र थांबला. बसला.

"लवकर करा मामाजी!"

"हो हो, हे झालंच!" मनिरामने बुटाला हात घातला. गाठ सुटेना. प्रेमिलाच्या दातांची गाठ ती! मनिरामने नखं लावली, दात लावले. डफडं थांबलं. सगळं गाव गाठीकडे बघायला लागलं.

"बुटावरूनच पानी घाला मामाजी!"

"बुटावरून? जवाई हा का ट्रॅक्टर आहे, वरून धुवाले?"

"मग एकच पाय धुवा!"

"अवं माय! एक पाय कोनाचे धुतात मालूम आहे काय? तिरडीवर निजतो, त्याचे बी दोन धुतात!" रुख्मा ओरडली, आणि आतून धान कापायचा इळा घेऊन आली. उमेंद्र "नको, नको" म्हणेपर्यंत कचकच करून दोन्ही नाड्या कापल्या गेल्या. गावाने सुटकेचा श्वास सोडला. डफडं पुन्हा सुरू झालं.

पाणी कोमट होतं. मनिरामने बोटं न् बोटं धुतली. टॉवेलने पुसली. आणि खरं सांगतो, त्या पाण्यात पाय असताना उमेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, बस, इतकंच हवं होतं! मग त्याला शिट्टी आठवली आणि तो ताडकन उठला.

पण उठून जाणार कुठे? एका घरचा जावई म्हणजे सगळ्या गावाचा जावई. टिळा लावायला आणि पाया पडायला रांग लागली होती. सरपंच पडले. दोन म्हाताऱ्या पडल्या, त्यातल्या एकीला उठवावं लागलं. गळ्यात दुपट्टा पडला, हातात नारळ आला. "कोंबडा कापला आहे," मनिराम म्हणाला. "दोन घास तरी खा. उपाशी जवाई दारातून गेला त लोकं माह्या तोंडात शेन घालतीन!"

"प्रेमिलानं फोन नाई केला काय तुमाले?"

"केला ना! म्हने, तुमचे जवाई सगळ्याईच्या पुढं येऊन राहिले, गाव बघन, टीव्हीवाले बी येतीन. तवा त एवढी तयारी केली!"

उमेंद्रच्या हातातला नारळ जड झाला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी लखन दिसला.

लखन आला तसा गोंधळला. तोरण बघून त्याला वाटलं, शर्यत संपली. थोडा हळू झाला. "कोनाचा गा तू?" मनिरामने विचारलं. "लगन झालं काय तुहं?"

"नाई जी," लखन धापा टाकत म्हणाला.

"मग जा बापा, जा! तुहं काय धुवाचं आहे!"

चंदाने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. त्याने तो पळता पळताच प्यायला, पेला परत द्यायला दोन पावलं उलटा आला, आणि निघून गेला.

पुढचं काय सांगायचं! उमेंद्र धावला. तोंडात एका घासाचा कोंबडा, गळ्यात दुपट्टा, ओलसर पाय आणि बिननाड्यांचे बूट. दर चार पावलांना एक बूट मागे राहायचा. शेवटी बूट हातात घेतले आणि तापलेल्या डांबरावर अनवाणी पळाला. धुतलेल्या मऊ तळव्यांना फोड आले, फुटले. कोहमाऱ्याला पोचला तेव्हा लखनच्या गळ्यात हार होता आणि मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते. उमेंद्र दुसरा आला. दुसऱ्या नंबरासाठी कोण धावतं, हे त्यानेच टपरीवर सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. लखनचा नाही, उमेंद्रचा! पाटावर बसलेला, पाय परातीत, डोळ्यांत पाणी. वर मथळा होता, 'शर्यत हरली, संस्कृती जिंकली!' शाळेच्या अध्यक्षांनी तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरवला. उमेंद्रला बोलावून शाल दिली. "तुमच्यासारखे संस्कारी तरुण पाहिजेत समाजाला," म्हणाले. समाजाला! शाळेसाठी लखनला घेतलं.

घरी आल्यावर उमेंद्रने शाल खाटेवर फेकली. "तू काऊन नाई सांगितलं बाबाले?"

प्रेमिला फोडांना हळद लावत होती. तिने मान वर केली नाही. "सांगनारच होती. फोन लावला अन् बाबा पयल्यांदा म्हनाले, 'आमचा जवाई.' इतक्या वर्षांत पयल्यांदा! मग कसं सांगू मी, की थांबनार नाई म्हनून?" मग हळदीची वाटी बाजूला ठेवत म्हणाली, "अन् तुमी तरी कायले बसले? मी काय हात धरून बसवलं?"

ती रडत होती, आणि तो तिच्यावर नीट रागावूही शकला नाही.

कुसुमटोल्यात मात्र त्यावर्षी सगळं छान झालं. मनिरामला नोकरीवाला मुलगा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. त्याने पाण्याचा पेला परत करायला दोन पावलं उलटा येणारा पोरगा डोळ्यांत भरून ठेवला होता. उन्हाळ्यात चंदाचं लग्न झालं. खेळशिक्षक लखनशी!

लग्नानंतर पहिल्यांदाच लखन सासुरवाडीला आला तेव्हा उमेंद्र तिथंच होता. पाट मांडला. परात आली. लखनच्या पायात नवे कोरे नाड्यांचे बूट होते आणि गळ्यात, घाईत काढायची राहून गेलेली, शिट्टी. मनिराम उकिडवा बसला. नाडीची गाठ अडली. उमेंद्रची नजर आपसूक आतल्या इळ्याकडे गेली.

कोणी इळा मागितला नाही. मनिराम नखांनी, हळूहळू, जीव लावून गाठ सोडवत राहिला. "आरामात होऊ द्या जवाईबापू," तो लखनला म्हणाला, "घाई कायची आहे!" आणि मग मान न वळवता, "उमेंद्रजी, जरा पानी धरता काय? माहे दोनी हात गुतले."

उमेंद्रने लोटा धरला. पाणी कोमट होतं. धार सरळ पडावी म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

पाय धुऊन झाल्यावर मनिरामने परात उचलली, भाजीच्या वाफ्यात ओतली आणि भिंतीला टेकवली. उमेंद्रला कोणी काही म्हणालं नाही. त्याला वाट माहीत होती. पॅन्ट दुमडून तो बोरिंगवर गेला, आणि बघतो तर दांडा हापसायला प्रेमिला आधीच तिथं उभी होती.